माझ्या रायफलीला मानवलेला छर्रा

फोंड्याजवळच्या आमच्या घराची मागची पडवी दहा मीटरपेक्षा थोडी जास्त लांब भरते आणि तिच्या टोकाला जांभ्या दगडाची जाड भिंत आहे, म्हणूनच मला घरी एअर रायफलचा सराव करता येतो. कुळागरापलीकडच्या (माडा-पोफळींच्या बागेपलीकडच्या) शेजारच्या घरात वयस्कर माणसे दुपारी आडवी झालेली असतात आणि त्यांची झोप मोडू नये, ही मी स्वतःला घातलेली पहिली अट आहे. साडेचार मिलिमीटर व्यासाचा, ०.५३ ग्रॅम वजनाचा छर्रा माझ्या रायफलीतून सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने सुटतो, तर आपल्याकडच्या उकाड्यात ध्वनीचा वेग सेकंदाला ३५० मीटरच्या आसपास असतो. त्यामुळे छर्रा हवेत कडाडत नाही. ऐकू येतो तो नळीतून सुटलेल्या हवेचा झोत आणि निशाणामागच्या, छर्रे अडवणाऱ्या लोखंडी सापळ्यावर पडणारा ठोका. सापळ्याच्या तोंडाशी गोणपाटाचे थर लावल्यापासून तो ठोकाही मंदावला आहे.

वेग कमी म्हणजे दाबही कमी, आणि म्हणूनच छर्रा मऊ शिशाचा असावा लागतो. त्याची कंबर बारीक असते व मागचा घेर पोकळ असतो. हवेच्या दाबाने तो घेर किंचित फुलतो आणि नळीतल्या सर्पिल खाचांना घट्ट बसतो. बारुदाच्या रायफलीतून कमी ताकदीने ओतीव शिशाची गोळी झाडणाऱ्यांनाही हेच पथ्य पाळावे लागते. गोळी नळीच्या मापाला नेमकी बसणारी आणि दाबाच्या मानाने पुरेशी मऊ नसेल, तर बाजूने गॅस निसटतो आणि शिसे नळीला चिकटते. शिसेविरहित कथिलाचे छर्रे मी वापरून पाहिले, परंतु ते हलके आणि कडक असल्यामुळे माझ्या नळीत नीट बसले नाहीत.

खरी कसोटी लागते ती छर्ऱ्याच्या डोक्याच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, व्यासाची. चांगल्या डब्यांवर ४.४९, ४.५० किंवा ४.५१ असा मिलिमीटरमधला आकडा छापलेला असतो. मोठे माप म्हणजे घट्ट आणि घट्ट म्हणजे अचूक, असे गृहीत धरून मी सुरुवातीला ४.५१ चे चार डबे एकदम घेतले आणि पुढचे कित्येक महिने चुकणाऱ्या नेमाचा दोष स्वतःच्या श्वासाला देत राहिलो. शेवटी रायफल चामड्याच्या पट्ट्या लावून वाइसमध्ये (टेबलाला बसवायच्या लोखंडी शिकंजात) पक्की आवळली. प्रत्येक मापाचे आधी पंधरा छर्रे नळी रुळावी म्हणून सोडले आणि मग दहा-दहा छर्रे एकाच बिंदूवर झाडले. ४.५१ च्या दहा छर्ऱ्यांनी कागदावर सुमारे नऊ मिलिमीटरचे फाटके भोक पाडले, तर ४.४९ चे दहाही छर्रे साडेसहा मिलिमीटरच्या गोलात बसले. दहा गुणांचा बिंदू अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि दशांश गुणांकनात प्रत्येक ०.१ गुणामागे पाव मिलिमीटरचाच फरक असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे ही तफावत किती मोठी आहे ते कळते. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्रा यांचे सुवर्णपदक ७००.५ गुणांचे होते आणि रौप्यपदक ६९९.७ गुणांचे.

माझ्या मित्राची रायफल माझ्याच बनावटीची, तरी तिला ४.५० मानवते. म्हणून दुसऱ्याची शिफारस किंवा डब्याची किंमत प्रमाण मानू नये, असे माझे ठाम मत आहे. चपट्या डोक्याचा छर्रा मात्र सर्वांनीच घ्यावा, कारण तो कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतो आणि गुण मोजताना वाद उरत नाही.

गोव्यात निवडीइतकीच साठवणही महत्त्वाची आहे. एका पावसाळ्यात मी उघडा डबा लाकडी कपाटात ठेवला होता. चवथीनंतर (गणेश चतुर्थीनंतर) पाहिले, तर छर्ऱ्यांवर पांढरी भुकटी चढलेली होती. दमट हवा आणि लाकडातून निघणारी आम्लाची वाफ यांनी शिसे असे खराब होते, आणि ती भुकटी विषारी असल्यामुळे हाताने पुसण्याचा मोह टाळून मी सबंध डबा बाजूला काढला. आता डबे घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या पेटीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह राहतात. सराव संपला की साबणाने हात धुतल्याशिवाय मी पाण्याच्या भांड्यालाही शिवत नाही.

झाडण्यापूर्वी मी छर्रे काचेवर हलकेच घरंगळवतो. छर्रा एका बाजूने निमुळता असल्यामुळे तो वळत जातो. ज्याचा घेर चेपलेला असतो, तो अडखळतो किंवा मध्येच थांबतो. गेल्या डब्यात पाचशेपैकी अकरा असे निघाले. त्यानंतर त्याच लॉटचे, म्हणजे कारखान्यातल्या त्याच खेपेचे, त्याच मापाचे सहा डबे मी मागवून ठेवले आहेत, कारण लॉट बदलला की वाइस पुन्हा टेबलावर चढवून सारी चाचणी पहिल्यापासून करावी लागते.