तिसऱ्या मजल्यावर चैत्र

२ मार्च २०२५, रविवार

घाटकोपरला साखरपुडा होता. परतताना रिक्षा मुद्दाम महामार्गावरून घ्यायला लावली. विक्रोळीच्या आसपास रस्त्याच्या कडेची टॅबेबुयाची झाडं फुललीत. फांदीवर पान जवळजवळ नाहीच, नुसते गुलाबी झुबके. आधी पानं झडतात आणि मग सगळं झाड एकदम फुलून येतं. ट्रक, टँकर, धूळ, हॉर्न आणि वर हे. सर्व्हिस रोडला रिक्षा दोन मिनिटं थांबवली. रिक्षावाले दादा म्हणाले, "घ्या ताई, सगळेच थांबतात इथे."

खाली पडलेली पाच फुलं उचलून रुमालात घेतली. कर्ण्यासारखं फूल, घशाशी पिवळं, आणि पाकळी इतकी पातळ की बोटाचा दाब पडला तरी तिथे डाग उठतो. मुलुंडला पोचेपर्यंत तीन मलूल झाली होती. उरलेली दोन आईच्या हातात दिली.

जानेवारीच्या शेवटी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हा सोसायटीतल्या चार मुलांनी तिला खुर्चीवर बसवून तीन मजले वर आणलं. तेव्हापासून तिचं जग म्हणजे पलंग, हॉल आणि वॉकर धरून गॅलरीपर्यंतच्या फेऱ्या.

तिने फूल उलटंसुलटं करून पाहिलं, नाकाशी नेलं आणि म्हणाली, "छान आहे. पण आपलं नाही गं हे. वास नाही याला."

खरंच आपलं नाही. अमेरिका खंडाच्या मधल्या पट्ट्यातलं हे झाड, एल साल्वाडोर देशाचा तर तो राष्ट्रीय वृक्ष आहे. मी म्हटलं, गुलमोहर तरी कुठे आपला, तो मादागास्करचा. तिला ते पटलं नाही. तिच्या लेखी फुलाची जात, कूळ, गाव सगळं वासावरून ठरतं.

तेव्हा मनाशी ठरवलं. ती खाली उतरेपर्यंत वसंत वर आणायचा, जमेल तसा.

९ मार्च, रविवार

आज नानकटाई केली. म्हणजे सकाळी एकदा बिघडली आणि संध्याकाळी जमली.

आई लग्न होऊन गिरगावात आली तेव्हा चाळीत कुणाकडेच ओव्हन नव्हता. परीक्षा संपल्या की बायका तूप, पिठीसाखर, मैदा, वेलची असं सगळं घेऊन गल्लीतल्या बेकरीत जायच्या. मला ते आठवतंय. मी सहा-सात वर्षांची असेन. बेकरीच्या मागच्या दाराने आत गेलं की आधी गरम हवेचा लोट तोंडावर यायचा. लाकडी फळ्यांच्या टेबलावर बनियन घातलेला एक माणूस आमचं तूप तळव्याने फेसत असायचा. कोपरापर्यंत पांढरा झालेला हात. मग लिंबाएवढे गोळे काळ्या पत्र्यावर मांडून लांब दांड्याच्या फळीने ते भट्टीत आत सारायचा. भाजणावळ वजनावर. आम्ही बाकावर पाय हलवत बसायचो. बरोबर नेलेला पत्र्याचा डबा भरून घरी यायचो तेव्हा तो इतका गरम असायचा की आई पदराने धरायची.

त्या वासात लाकडाच्या धुराची एक बारीक रेघ होती. ती माझ्या विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये येणार नाही हे मला माहीत आहे. जानेवारीत उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशावरच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. आईने ती बातमी पेपरात वाचली आणि म्हणाली, "बरोबर आहे. तो माणूस सारखा खोकायचा." मलाही बरोबरच वाटतं. या शहराची हवा मी रोज छातीत घेते. तरी बातमीचं कात्रण तिने रद्दीत जाऊ दिलं नाही, बाजूला काढून ठेवलं.

प्रमाण आईचं: एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर, दोन वाट्या मैदा, अर्धी वाटी बेसन, दोन चमचे बारीक रवा. सकाळी अकराला बसले. मुंबईतल्या मार्चच्या उकाड्यात तूप वितळून तेलासारखं झालं होतं, तरी तसंच फेसायला घेतलं. पहिला घाणा ओव्हनमध्ये गेला आणि दहा मिनिटांत सगळ्या नानकटाया पसरून एकमेकींना चिकटल्या. चवीला वाईट नव्हत्या, पण ती नानकटाई नव्हती, नुसती गोड पोळी झाली होती.

आई वॉकर घेऊन स्वयंपाकघरापर्यंत आली. दुखणं झाल्यापासून पहिल्यांदा. खुर्चीत बसली, वाडग्यात बोट बुडवलं आणि म्हणाली, "पातळ तुपात हवा राहते होय? थिजलं पाहिजे. थिजलेलं तूप फेसलं की हलकं होतं, तेच नानकटाईला वर उचलतं."

मग संध्याकाळी परातीत बर्फाचं पाणी, त्यावर वाडगं. तूप रवाळ घट्ट झालं तेव्हा तिने ते माझ्याकडून मागून घेतलं आणि तळव्याने फेसायला लागली. मी तिच्या हाताकडे बघत होते. मनगट एकाच दिशेने फिरत होतं, घाई नाही, थांबणं नाही. पिवळं तूप आधी साईच्या रंगाचं झालं, मग पांढरं आणि हलकं. हीच तिची परीक्षा. साखर घालून पुन्हा फेसलं. पीठ मात्र फार मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं, नाहीतर नानकटाई दडदडीत होते.

१६० अंशांवर अठरा मिनिटं. काढताना मऊच असतात, तेव्हा हात लावायचा नाही, पत्र्यावरच गार होऊ द्यायच्या. वर पडलेल्या भेगा बघून आई म्हणाली, "हां, आता हसल्या." वास जिन्यातून खाली गेला असणार, कारण पहिल्या मजल्यावरच्या काकू वाटी परत करायचं निमित्त काढून वर आल्या आणि तासभर बसल्या. ऑपरेशननंतर घरात एवढं बोलणं आजच झालं.

१४ मार्च, धुळवड

मुलुंड पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याशी गेलो होतो. दोन पळस पेटलेले. फोटो काढून आणला, आईने मोठा करून बघितला. फोटोत पळस नुसता केशरी दिसतो. कळीच्या देठाशी जो मखमली काळा रंग असतो आणि त्यातून ती पोपटाच्या चोचीसारखी पाकळी बाहेर येते, ते फोटोत उतरत नाही.

२३ मार्च, रविवार

पहाटेची गाडी पकडून दादरला गेले. पश्चिमेचा फुलबाजार सहा वाजता ऐन भरात असतो. झेंडूचे ढीग, शेवंतीच्या टोपल्या, गुलाबाचे कागदात गुंडाळलेले गड्डे, पायाखाली चिखल आणि देठं. पाडव्याच्या आठवडाभर आधीच गर्दी. मला यातलं काहीच नको होतं. मला सुरंगी हवी होती.

तीन ठिकाणी विचारलं तेव्हा एका आजींनी बोट दाखवलं. कडेला एक बाई ओल्या फडक्याखाली वळेसर, म्हणजे सुरंगीचे गजरे, झाकून बसली होती. सुरंगीचा हंगाम इवलासा. फूल थेट फांदीच्या खोडाला चिकटून येतं, आणि कळी उमलायच्या आत उतरवावी लागते, त्यासाठी पहाटे झाडावर चढायचं. मग त्याच कळ्या ओवायच्या. एवढ्या कष्टांनंतर तो पिवळसर वळेसर दादरला पोचतो. मी भाव केला नाही. दोन घेतले.

गाडीत माझ्या पिशवीतून वास येत होता. समोरची एक मुलगी इकडेतिकडे बघत होती, कुठून येतोय म्हणून. मोगऱ्यासारखा ओला वास नाही हा. त्यात मध आहे, ऊन आहे, किंचित तिखटपणाही आहे.

आईचं माहेर वेंगुर्ल्याकडचं. लग्नानंतर इतक्या वर्षांत मालवणी तिच्या तोंडून फक्त भावांशी बोलताना यायची. मी वळेसर तिच्या उशीपाशी ठेवला. ती डोळे मिटून पडली होती. डोळे न उघडता म्हणाली,

"तुका खंय गावली गो ही?"

मग उठून बसली आणि बोलतच राहिली. घरामागचं झाड, त्याला लागलेल्या मधमाश्या, पहाटे वर चढलेला मामा, खाली चादर धरून उभ्या मुली. शाळेत सुरंगी माळून गेलं की मास्तर वर्गाचं दार उघडं ठेवायचे, एवढा वास कोंडायचा. यातलं मला काहीच माहीत नव्हतं. पन्नाशी उलटली माझी आणि आई सुरंगीच्या झाडाखाली उभी होती हे मला आज कळलं.

एक वळेसर तिने केसात माळला. दुसरा कपाटात तिच्या लुगड्यांमध्ये ठेवला आहे. सुरंगी सुकली तरी वास सोडत नाही.

३० मार्च, गुढीपाडवा

गॅलरीत गुढी उभारली. सोसायटीच्या कडुनिंबाला मोहोर आलाय, वॉचमनकाकांनी डहाळी काढून दिली. गूळ, ओवा, हिंग, चिंच घालून प्रसाद केला. आईने मोहोराचा एक तुरा वेगळा काढून वासासाठी तांब्यात ठेवला.

आई तिथीने पाडव्याची. अठ्ठ्याहत्तर पूर्ण. श्रीखंड होतंच, पण यंदा मला केकही करायचा होता. सणाचा दिवस म्हणून अंडं नाही. रवा, दही, साखर, थोडं तूप. रवा दह्यात अर्धा तास भिजला की फुगतो, मग सोडा, लगेच ओव्हनमध्ये.

खिडकीच्या ग्रिलवर गोकर्णाचा वेल आहे, फवारणी न केलेला, म्हणून त्याची फुलं मी खाण्यात वापरते. बाजारातली फुलं कधीच नाही. गेल्या बुधवारी सरावासाठी केक केला तेव्हा गोकर्णाचं निळं पाणी पिठातच घातलं होतं. आत सोडा. गोकर्णाचा निळा रंग आम्लाने जांभळा होतो आणि क्षाराने हिरवट. केक शेवाळ्याच्या रंगाचा झाला. खाल्ला आम्ही, पण वाढदिवसाला तो रंग नको होता.

म्हणून आज पाणी केकमध्ये नाही, वर घातलं. बारा-पंधरा फुलं चार चमचे गरम पाण्यात. गडद शाईसारखं पाणी झालं. त्यातलं दोन चमचे पाणी पिठीसाखरेत घालून घोटलं, आकाशासारखा निळा रंग आला. वाडगं आईपुढे ठेवलं आणि तिच्या हातात लिंबाची फोड दिली.

"पिळ."

पहिला थेंब पडला तिथे निळ्यात एक जांभळा ठिपका उमटला. तिने हात आखडला. मग दुसरा थेंब, तिसरा. चमच्याने ढवळलं तसे निळ्या-जांभळ्याचे पट्टे फिरले आणि एकमेकांत विरून गेले. ती थांबेना. अख्खी फोड पिळली. जांभळा फिका झाला, गुलाबीकडे झुकला. वाडग्यावर वाकून तिने नीट पाहिलं आणि म्हणाली,

"अगं, हा तर तुझ्या त्या विक्रोळीच्या फुलाचा रंग."

तोच होता. अगदी तोच. मी चार आठवड्यांपूर्वी रुमालात आणलेली दोन फुलं तिने विसरून टाकली असतील असं मला वाटलं होतं.

केक थोडा आंबट झाला. लिंबू जास्तच पडलं होतं. सगळ्यांनी दोनदा घेतला.

१२ एप्रिल, शनिवार

आज चैत्रगौरीचं हळदीकुंकू. गौर पाळण्यात बसवली, भोवती मोगरा. कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, कलिंगडाच्या फोडी आणि आईच्या सांगण्यावरून नानकटाई. पहाटे पाचला उठून केल्या, तूप थिजलेलं असतानाच. अठ्ठेचाळीस झाल्या. डबा तोच, गिरगावातला, झाकणाला पोचा आलेला.

पण आजची गोष्ट वेगळी. गेला आठवडाभर फिजिओच्या ताई आईकडून जिन्याचा सराव करून घेत होत्या, आधी चार पायऱ्या, मग एक मजला. आज सकाळी ती म्हणाली, बायका यायच्या आत मला खाली जाऊन यायचंय. मी पुढे उलटी, ती कठडा धरून, मागे माझा मुलगा. पंचवीस मिनिटं लागली. मधे दोनदा स्टुलावर बसली.

खाली गेटपाशी करंज आहे. त्याची पानं गळून नवी कोवळी पालवी आलीय, इतकी चकचकीत हिरवी की धुतल्यासारखी वाटते. आणि खाली सगळीकडे फुलांचा सडा, पांढरट-जांभळा, कुणीतरी लाह्या सांडाव्यात तसा. स्कूटरच्या सीटवर, वॉचमनकाकांच्या खुर्चीवर, गटाराच्या झाकणावर. आई खुर्ची मागवून त्याखाली बसली. अंगावर फुलं पडत होती. तिने ती झटकली नाहीत. कोपऱ्यातल्या बहाव्याला कळ्यांचे घोस लटकायला लागलेत, ते तिनेच मला दाखवले. मी रोज तिथून जाते.

अर्ध्या तासाने वर निघालो. चढताना तिने एकच हात कठड्याला लावला होता. दुसरी मूठ मिटलेली. मी सांगत होते, दोन्ही हातांनी धर. तिने ऐकलं नाही.

वर आल्यावर मूठ उघडली. करंजाची फुलं, घामाने थोडी ओली झालेली. ती गौरीपुढे ठेवायच्या आधी तिने नाकाशी नेली.

"यांना आहे," म्हणाली. "मंद आहे, पण आहे."