टर्की उतरली, पुढे काय?

गर्द सोडताना येणाऱ्या टर्कीची, म्हणजे नशा तुटल्यावर शरीराला होणाऱ्या त्रासाची, घरात सगळ्यांना धास्ती होती. नाक गळणं, सारख्या जांभया, अंगावर काटा, जुलाब, पायांत गोळे, झोप नाहीच. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट, मग आठवडाभरात उतार. भाचा वॉर्डातून बाहेर आला तेव्हा ताई म्हणाली, "सुटला बाई एकदाचा!" डॉक्टर म्हणाले, खरी काळजी तर आता घ्यायची. काही दिवस बंद राहिलं की शरीराची सवय मोडते. मग जुन्याच मापाने ओढलं, तर श्वास मंदावून माणूस दगावू शकतो.

तो तेव्हा बाविशीचा. डोंबिवलीत त्यांच्या बिल्डिंगच्या मागेच ओढणारी टोळकी बसायची, म्हणून तो ठाण्याला माझ्याकडे राहायला आला. मावशीकडे जरा मोकळं बोलता येतं, हेही कारण असावं.

भावजींनी उपचारच कितीतरी लांबवले होते, पोलीस केसच्या भीतीने. मी व्यसनमुक्तीसाठी असलेल्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या १४४४६ या मोफत नंबरवर फोन केला होता. पुढे हॉस्पिटलच्या समाजसेविकेने एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यातलं कलम ६४ अ समजावलं: सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. (उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं, हेही तिने सांगितलं.) भावजींचा चेहरा तेव्हा कुठे सैल झाला.

मग गोळीवरून वाद. ब्युप्रेनॉर्फिन आणि नॅलोक्सोन (गर्दचा अंमल उतरवणारं औषध) एकत्र असलेली गोळी, जिभेखाली ठेवायची. पूर्ण विरघळेपर्यंत बोलायचं नाही, पाणी नाही, गिळायची तर नाहीच. साध्या मेडिकलमध्ये मिळत नाही, हॉस्पिटलमधूनच थोड्या-थोड्या दिवसांची देतात. "एक नशा सोडवून दुसरी लावली," असं काका म्हणाले, आणि व्यसन सोडणाऱ्यांच्या मीटिंगमधल्या एका जुन्या माणसानेही भाच्याला ऐकवलं की गोळी चालू म्हणजे तू क्लीन नाहीस. तो दोन दिवस तोंड पाडून बसला. डॉक्टरांनी सांगितलं ते मला पटलं. मेंदूत गर्द ज्या खुर्चीवर बसतो तीच खुर्ची ही गोळी अडवून बसते, पण तिचा अंमल एका मर्यादेपुढे चढत नाही. तलफ दबते आणि माणूस कामाला लागतो. नॅलोक्सोन घातलंय ते कुणी गोळी विरघळवून सुई मारू नये म्हणून. याला नशा म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. गोळीने त्याला घाम खूप यायचा आणि पोट साफ व्हायचं नाही, तेव्हा पपई आणि इसबगोल यांवर मात्र सगळ्या नातेवाइकांचं एकमत.

एका सकाळी मी त्याचा डबा भरत होते. पोळ्या फॉइलमध्ये गुंडाळल्या आणि तो एकदम म्हणाला, "मावशी, ती पन्नी नको." पन्नीवर ओढणाऱ्याला तिचा नुसता चुरचुर आवाजही पुरतो, हे मला कुठून ठाऊक असणार? त्या दिवसापासून पोळ्या फडक्यात. असल्या गोष्टी तो आपणहून सांगायला लागला, आणि खिसे तपासण्यापेक्षा मला त्याचाच जास्त उपयोग झाला. पैशांचं त्यानेच ठरवलं: पगार येईपर्यंत फोनवर यूपीआय नको, रोजच्या खर्चापुरती रोख.

सगळ्यात अवघड बोलणं स्लिपबद्दलचं, म्हणजे सोडल्यावर पुन्हा कधी ओढलं गेलं तर काय, याचं. ताईला ते अभद्र वाटलं, पण मी बोलले. स्लिप झाली तर एकट्याने ओढायचं नाही, लपवायचं नाही, मला सांगायचं, मी ओरडणार नाही. आणि मी काय करायचं ते डॉक्टरांकडून शिकले: बाहुल्या टाचणीएवढ्या, ओठ निळसर, श्वास संथ किंवा घरघरता, हाक मारून जाग नाही, असं दिसलं तर १०८ला फोन, कुशीवर वळवायचं, सोडून जायचं नाही. श्वासच थांबला तर तोंडाने श्वास द्यायचा. नॅलोक्सोनचं इंजेक्शन दिलं की शुद्ध येते, पण त्याचा असर लवकर ओसरतो, म्हणून बरं वाटलं तरी हॉस्पिटलात थांबायचंच.

सध्या तो एका गोदामात हिशेब बघतो. गोळी चालू आहे. ती लवकर बंद करायची घाई त्यालाच झालीय, कारण ताईने स्थळं बघायला घेतलीत. मागच्या भेटीत त्याने डॉक्टरांना तारीखच मागितली. ते म्हणाले, नोकरीत वर्षभर नीट रुजू दे, मग हळूहळू कमी करू. परतताना रिक्षात तो माझ्यावरच चिडला होता. मी म्हटलं, पुढच्या वेळी आईला घेऊन ये आणि डॉक्टरांसमोर विचार.