गाणी पाठ होती, तरी त्या सिनेमाची वाट का पाहिली

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. 'यूटू' या आयरिश बँडच्या 'यूटू थ्रीडी' या सिनेमाचा विषय निघाला, की ओळखीतलं कुणीतरी हमखास विचारतं, "मैफलीचाच सिनेमा ना तो? गाणी तुला तोंडपाठ, सीडी घरात, डीव्हीडी घरात. मग त्या थ्रीडीसाठी एवढी कासावीस कशाला झाली होतीस?" प्रश्न रास्त आहे. तो सिनेमा ज्या 'व्हर्टिगो' दौऱ्यात चित्रित झाला, त्यातलीच शिकागोची मैफल 2005 मध्येच डीव्हीडीवर आली होती आणि ती आम्ही झिजेपर्यंत पाहिली होती. 'यूटू थ्रीडी' पडद्यावर आला जानेवारी 2008 मध्ये.

वाट पाहण्याचं पहिलं कारण म्हणजे तो चित्रित झाला होता ती गावं. 2006 च्या सुरुवातीला हा दौरा मेक्सिको सिटी, साओ पावलो, सांतियागो, ब्वेनोस आयरेस असा फिरला. तिथली गर्दी गाण्याच्या कडव्यांबरोबर गिटारचे तुकडेही एका सुरात गाते, असं ऐकून होतो. मी तेव्हा न्यू जर्सीत नोकरीला होते. ब्वेनोस आयरेसच्या रिव्हर प्लेट स्टेडियममध्ये जाऊन उभं राहणं माझ्या खिशाला झेपणारं नव्हतं. मे 2007 मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात सिनेमाची झलक दाखवली गेली आणि त्या रात्री बँडने तिथल्या प्रसिद्ध पायऱ्यांवरच गाणी वाजवली. ती बातमी आली आणि आमची झोपच उडाली. जेवणाच्या सुट्टीत, फोनवर, एकच विषय: कुठली गाणी घेतली असतील? यादी कळली तेव्हा 'बॅड' हे गाणं त्यात नव्हतं. माझी एक मैत्रीण त्याबद्दल अजून हळहळते, आणि मला ते पटतं.

पण खरं कारण वेगळं होतं. टीव्हीवरची मैफल मला कधीच पुरी पडली नाही. दर दोन-तीन सेकंदांनी दृश्य बदलतं: गायक बोनोचा चेहरा, गिटारवरची बोटं, रडणारी एखादी मुलगी, पुन्हा बोनो. बँडमधले हे चौघं 1976 पासून एकत्र आहेत. ड्रमवादक लॅरी मलनने डब्लिनच्या शाळेत फळ्यावर चिठ्ठी लावली आणि बँड जमला. त्यांचं संगीत एकमेकांकडे बघून, एकमेकांसाठी जागा ठेवून वाजतं. ॲडम क्लेटन बास वाजवता वाजवता लॅरीकडे वळतो, तेव्हा त्या दोघांमधलं अंतर मला बघायचं असतं. नाटकाला बसलं की बोलणाऱ्या नटाकडे बघायचं की ऐकणाऱ्याकडे, हे आपण ठरवतो. मैफलीच्या चित्रीकरणात ते दुसरंच कुणीतरी ठरवतं.

थ्रीडीत तसं करून भागत नाही. दोन डोळ्यांसाठी दोन कॅमेरे लागतात आणि त्यांच्या भिंगांत आपल्या डोळ्यांइतकंच, साधारण साडेसहा सेंटीमीटर, किंवा त्याहूनही कमी अंतर ठेवावं लागतं. कॅमेरे तर अंगाने मोठे, शेजारी शेजारी मावत नाहीत. म्हणून मध्ये अर्धपारदर्शक आरसा तिरका बसवतात. एक कॅमेरा आरशातून आरपार बघतो, दुसरा प्रतिबिंब टिपतो. दोन्ही चित्रं जराशी जरी वरखाली झाली, तरी प्रेक्षकाचं डोकं दुखायला लागतं. आणि दृश्य भराभर बदललं, तर कधी जवळ, कधी लांब बघता बघता डोळे थकतात. त्यामुळे संकलन संथ ठेवावं लागतं. इथे तर एक दृश्य दुसऱ्यात हळूहळू मिसळत जातं. पुढे बोनो, त्यामागे गिटारवादक एज, आणखी मागे हजारो हात, असे थर एकाच वेळी पडद्यावर राहतात. दिग्दर्शकांपैकी कॅथरीन ओवेन्स या मूळच्या चित्रकार-शिल्पकार. बँडच्या रंगमंचामागच्या पडद्यांवरची दृश्यं त्या 'झू टीव्ही' दौऱ्यापासून करत आल्या होत्या. त्यांच्या जोडीला मार्क पेलिंग्टन. ओवेन्स यांच्या हातात हे काम आहे असं कळलं, तेव्हाच मला भरवसा वाटला होता, की वस्तू अंगावर फेकून दचकवणारा थ्रीडी हा नसणार.

नव्हताच. न्यूयॉर्कच्या एका आयमॅक्समध्ये आम्ही चष्मे लावून बसलो आणि सुरुवातीलाच माझ्या पुढच्या रांगेतल्या कुणीतरी हात वर केले, म्हणून मी मान बाजूला केली. ते हात पडद्यावरचे होते. कॅमेरा लॅरीच्या ड्रमसेटवरून खाली बघतो, तेव्हा झांजेची कड आणि तिच्याखालचा ढोल यांच्यातली रिकामी जागा दिसते. इतकी वर्षं ऐकलेला तो ठोका कुठे पडतो, ते तिथे कळलं. 'संडे ब्लडी संडे'मध्ये बोनो कॅमेऱ्याकडे हात लांबवतो. सिनेमागृहात कुणी हसलं नाही, कुणी ओरडलं नाही. माझ्या शेजारच्या अनोळखी बाईंनी आपला हात पुढे केला. 'मिस साराजेव्हो'नंतर मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातली कलमं पडद्यावर येतात. ती वाचताना मागचा जमाव एकदम शांत झालेला जाणवतो, आणि ती शांतताही खोल वाटते.

15 डिसेंबर 2019 ला हा बँड नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये आला. मी गेले. प्रत्यक्ष मैफलीची सर कशालाच नाही, हे मान्य. पण माझ्या जागेवरून लॅरी हाताच्या बोटाएवढा दिसत होता.

हल्ली पुढचा प्रश्न येतो: लास व्हेगासच्या स्फिअर या अवाढव्य गोल सभागृहात त्यांच्या तिथल्या मैफलींचा भव्य सिनेमा 2024 मध्ये आला, मग आता त्या जुन्याचं काय? स्फिअरच्या त्या मैफलींत लॅरी नव्हता. शस्त्रक्रियेनंतर तो सावरत होता आणि त्याच्या जागी ब्राम फान डेन बर्ग वाजवत होता. छानच वाजवलं त्याने. पण मला जे चौघं हवे आहेत, त्यांच्यामधल्या अंतरांसकट, ते 2006 च्या त्या चित्रीकरणात आहेत. तो सिनेमा डिस्कवर कधी आलाच नाही. केवळ मोठ्या पडद्यासाठी राहिला. त्यामुळे कुठे पुन्हा दाखवणार असतील तर मला कळवा. तिकिटाचं आणि प्रवासाचं मी बघून घेईन.