वेस्टर्न खोगीर घ्यायला मुंबईत निघताय? आधी पुठ्ठा कापा

वेस्टर्न, म्हणजे काउबॉय वापरतात तसलं, पुढे शिंग असलेलं खोगीर मुंबईत मिळतं, पण घेऊ नका. निकाल आधीच सांगून टाकते, कारण पाय अजून ठणकताहेत आणि डोकंही तापलेलंच आहे.

माझी घोडी बदलापूरच्या पुढे एका पागेत असते. मारवाडी जातीची, अंगाने सडपातळ, मानेच्या मुळाशी हाड उंच. डोंगरात अर्धा दिवस बसायचं तर वेस्टर्न खोगीर बरं. त्याचा सांगाडा लांब-रुंद असतो, त्यामुळे आपलं वजन तिच्या पाठीवर पसरून पडतं. तुम्हाला दुडकी आणि चौखूर दोन्ही जमतात, रिकिबीत पाय कसा ठेवायचा हे माहीत आहे, असं धरून पुढचं लिहितेय.

महालक्ष्मी रेसकोर्सला जाण्यात वेळ दवडू नका. तिथे १८८३ पासून घोडे धावताहेत, पण ती दुनिया शर्यतीची, जंपिंगची आणि पोलोची. पुढे शिंग असलेलं खोगीर म्हटल्यावर तिथला एक मोतद्दार नुसता हसला. बरोबरच आहे म्हणा. ते शिंग अमेरिकेत गुरं पकडताना दोर गुंडाळायला आलं. महालक्ष्मीला कोण गुरं पकडतंय?

आता धारावी. दुकानदाराने फोनवर सांगितलं होतं, सायन स्टेशनपासून पाच मिनिटं, मोठी शोरूम, माल अमेरिकन. भर उन्हात हातगाड्या, टेम्पो आणि उघडं गटार चुकवत अर्ध्या तासाहून जास्त चाललो. सोबत आतेभाऊ होता, तो वाटेत दोनदा परत जाऊ म्हणाला. सायन-वांद्रे लिंक रोडवरची बॅगा-जॅकेटांची चामड्याची दुकानं मागे टाकून आत आत जात राहिलो. शोरूम म्हणजे माळ्यावरची एक खोली. खोगीर एकच, बाकी सगळं मोबाइलमधल्या फोटोंत.

"मॅडम, एकच साइज. सगळ्या घोड्यांना बसतं."

बसत नाही. पाठीला टेकतात त्या सांगाड्याच्या दोन फळ्या. अमेरिकेतली बहुतेक वेस्टर्न खोगिरं क्वार्टर हॉर्स या तिथल्या जातीच्या रुंद, भरलेल्या पाठीवर बेतलेली असतात. सडपातळ मारवाडीवर तीच फळी खाली घसरते आणि पुढची कमान थेट हाडावर बसते. म्हणून घरून निघायच्या आधी हे करा: वाकवता येईल अशी जाड तार घ्या, खांद्याच्या फऱ्याच्या जरा मागे घोड्याच्या पाठीवर आडवी दाबून आकार घ्या, तो पुठ्ठ्यावर उतरवा आणि कापा. दुकानात खोगीर उलटं करून पुठ्ठा कमानीत लावून बघा. मी लावला, तर मधे माझी मूठ जात होती. त्यावर उत्तर मिळालं, "जाड गादी टाका." गादीने खोगिराचं माप बदलत नाही.

बसायच्या मापातही गंडवतात. इंग्लिश, म्हणजे बिनशिंगाच्या हलक्या खोगिरात तुम्हाला १७ इंच लागत असेल तर वेस्टर्नमध्ये साधारण १५ बघायचं. हा गृहस्थ १७ ला १७ च देत होता. फेंडर, म्हणजे रिकिबीचा रुंद चामडी पट्टा, वर उचलला तर खाली कानपूरचा शिक्का. कानपूरचा माल वाईट नसतो, तिथलं खोगीर जगभर जातं; पण मग अमेरिकन म्हणून साठ हजार का मागता? शिक्का दाखवल्यावर चहा येईपर्यंत भाव सव्वीसवर आला. चौतीस हजारांचा फरक एका चहात विरघळतो, तिथे सव्वीस तरी खरे कशावरून?

शेवटी पुठ्ठ्याचा फोटो आणि मापं थेट कानपूरच्या एका कारखानदाराला पाठवली आणि सिंथेटिक खोगीर मागवलं. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात माझं मत ठाम आहे: सिंथेटिकच घ्या. चामडं जुलैत हिरवंगार होतं, रोज कोण पुसणार? शिवाय चामड्याचं १५ किलोच्या आसपास भरतं, सिंथेटिक त्याच्या जवळपास अर्ध्यावर. लोकलच्या लगेज डब्यात खांद्यावरून चढवून बघा, लगेच पटेल. आल्यावर पहिलं काम, शिंग आणि मागची कड दोन्ही हातांनी एकमेकांकडे दाबायची. सांगाडा लवचला तर तो मोडका आहे, त्याच दिवशी परत पाठवा. नव्या खोगिराच्या रिकिबी घोड्याच्या पोटाला समांतर वळलेल्या असतात आणि तासाभरात गुडघे मागतात. फेंडर चामड्याचे असतील तर ओले करा, रिकिबी बाहेर वळवून त्यांतून केरसुणीचा दांडा घाला आणि रात्रभर तसंच ठेवा.

तंग, म्हणजे पोटाखालून आवळायचा पट्टा, मोहेर (अंगोरा बकरीचे केस) किंवा लोकरीच्या दोऱ्यांचा घ्या. निओप्रीन हे फोमसारखं रबर धुवायला सोपं, पण आपल्या घामट हवेत त्याखाली कातडी सोलवटते. मागचा दुसरा तंग लावणार असाल तर तो पुढच्याला पट्ट्याने जोडलेला हवाच. मोकळा राहून मागे सरकला की घोडं उडालंच समजा.

लगामांच्या ढिगात घोड्याच्या तोंडात घालायच्या काटेरी कड्याही दिसल्या. त्यांना हात लावू नका. ओझ्याच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांनी त्यांवर बंदी आहे, तरी सुतळीला बांधून खुशाल टांगलेल्या. लांब दांड्यांचा कर्ब, म्हणजे तरफेसारखा जोर देणारा लगाम, हात स्थिर झाल्याशिवाय नको, आणि हनुवटीखालच्या साखळीत दोन बोटं सहज गेली पाहिजेत.

कपड्यांचं थोडक्यात. जीन्स उलटी करून मांडीच्या आतली शिवण चाचपा, जाड असेल तर सोडा. बुटाला दीड इंचाच्या आसपास टाच आणि तळ गुळगुळीत हवा. लिंकिंग रोडवरचे चेनवाले काउबॉय बूट फोटोपुरते. खाचांचा रबरी तळ रिकिबीत अडकतो आणि पडलात तर घोडं तुम्हाला फरफटत नेतं. काउबॉय हॅट उन्हासाठी ठीक, डोक्यासाठी हेल्मेटच, आतल्या लेबलवर एएसटीएम एफ ११६३ हे घोडेस्वारीच्या हेल्मेटचं मानक लिहिलेलं. मोटरसायकलचं चालत नाही, जड असतं आणि कान झाकतं. चॅप्स (पॅंटवरून घालायची चामडी आवरणं), झालरी, चांदीची बक्कलं ही सगळी खोगीरभरती.

दुकानात जायचंच असेल तर लोकेशन आधी मागवून घ्या, खोगिराचा खालच्या बाजूचा फोटो मागा आणि आगाऊ पैसे पाठवू नका. फोटो पाठवायला टाळाटाळ झाली तर सायनचं तिकीट काढू नका.