जालना ते नांदेड: टपावरचं कॅरियर पुन्हा बसवताना

सप्टेंबरच्या शेवटी जालन्याहून नांदेडला जायचं म्हणजे परतीच्या पावसाची खात्री धरूनच निघायचं. वाटूर फाटा, मंठा, जिंतूर, औंढा नागनाथ, वसमत असा रस्ता. डबल केबिनची पिकअप, टपावर सहा पायांचं कॅरियर. ते रंगासाठी उतरवून पुन्हा बसवलेलं होतं, त्यामुळे हा प्रवास म्हणजे त्या कामाची परीक्षाच होती. रस्त्याइतकंच कामाबद्दलही लिहितोय, कारण पावसाळ्यात टप गळणाऱ्या निम्म्या गाड्यांचं दुखणं मला एकच दिसतं: सीलंट, म्हणजे पाणी अडवायला फटीत भरायचा चिकट लगदा, कॅरियरच्या पायाच्या वरून थापलेलं असतं. त्याची जागा पायाच्या खाली आहे.

जालना सळईचं गाव. जुन्या कॅरियरच्या कुजलेल्या पाइपाला जोड हवा असेल तर चौकोनी पाइप, पट्टी, वेल्डर सगळं इथे एका फेरीत मिळतं. वेल्डिंग करून घेताना एक काम आवर्जून सांगायचं. पाइपाच्या सगळ्यात खालच्या जागी 5 मिमीचं भोक पाडायचं. बंद पाइपात पाणी साचतं, आतून गंज धरतो, आणि पाऊस थांबल्यावरही तासभर थेंब पडत राहतात. मग लोक टप गळतोय म्हणून भलतीकडेच शोधत बसतात.

टपाचं काम लायनिंगपासून, म्हणजे टपाच्या आतल्या अस्तरापासून सुरू होतं. सन व्हायजर, हँडल, केबिनचा दिवा, दाराचं वरचं रबर काढलं की लायनिंग खाली येतं. क्लिपा जुन्या असतील तर तुटतात, सात-आठ नव्या आणून ठेवाव्यात. त्यानंतर जुनं सिलिकॉन प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचं. या कामाला पाहिजे तेवढा वेळ द्यावा. सिलिकॉनचा पातळ थर जरी राहिला तरी त्यावर नवा रंग धरत नाही, नवं सीलंटही चिकटत नाही. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने पुसायचं. ताज्या रंगावर थिनर लावू नये, रंग सुटतो. आणि व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन उघड्या पत्र्यावर नकोच. सुकताना ते ॲसिड सोडतं आणि भोकाच्या कडेला गंज तिथूनच सुरू होतो.

भोकाची कड म्हणजे कापलेला, रंग नसलेला पत्रा. 120 नंबरच्या पॉलिश पेपरने गंज काढायचा, इपॉक्सी प्रायमर लावायचा, वर रंगाचे दोन हात, आणि रात्रभर सुकू द्यायचं. नवं भोक पाडलं असेल तर लोखंडाचा कीस चुंबकाने वेचायचा. टपावर राहिलेल्या किसाचे ओल लागताच तांबडे डाग पडतात. भोकापेक्षा मोठा ड्रिल बिट हाताने दोन-तीन वेळा फिरवून वरची कड थोडी उतरती करून घ्यावी. पायाखाली ब्युटाइल टेप, म्हणजे मऊ चिकट रबरी पट्टी, लावायची असते; बोल्ट आवळला की ती त्या उतारात दाबली जाते आणि बोल्टाभोवती घट्ट कडं तयार होतं.

पाणी शिरतं ते बहुतेक वेळा याच जागेवरून, बोल्टाच्या आट्यांतून. टपाचा पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास जाडीचा. उन्हात तो हाताला भाजेल इतका तापतो, पावसाची सर आली की एकदम थंड होतो. पत्रा आणि पाय वेगवेगळ्या वेगाने ताणतात-आकसतात. वरून थापलेलं, कडक झालेलं सीलंट कडेला चिरतं. चीर केसाएवढी असली तरी पुरते, पाणी तिच्यातून आपोआप ओढलं जातं. ब्युटाइल टेप सहसा कडक होत नाही, पत्र्याबरोबर हलते. म्हणून मुख्य काम तिचं.

टेप 3 मिमी जाडीची घ्यायची. पायाच्या तळाएवढा तुकडा कापून पायालाच चिकटवायचा, आरीने बोल्टासाठी भोक पाडायचं, बोल्टाच्या डोक्याखालीही टेपचं छोटं कडं द्यायचं. बोल्ट 8 मिमीचा, लांबी 30 मिमी पुरते. त्याहून लांब असेल तर टोक लायनिंगला टोचतं. आतून नुसता वॉशर नको, 40 बाय 60 मिमीची 3 मिमी जाड पट्टी आणि नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, हादऱ्याने सैल न होणारा). नुसत्या वॉशरवर आवळलं की पत्रा खाली बसतो, पायाभोवती खोलगट जागा होते आणि पाणी नेमकं तिथेच साचतं.

आवळण्याआधी कॅरियर नुसतं टपावर ठेवून सहाही पाय टेकतात का ते पाहायचं. वेल्डिंगच्या उष्णतेने सांगाडा थोडा पिळतोच. एखादा पाय 4-5 मिमी वर राहिला तर बोल्टाने ओढून बसवायचा नाही. त्याखाली रबराचं पॅड द्यायचं, पॅडच्या वर आणि खाली दोन्हीकडे टेप, आणि तेवढ्यापुरता बोल्ट 35 मिमीचा. ओढून बसवलेला पाय प्रत्येक खड्ड्याला पत्रा उपसत राहतो.

आवळताना वरून तेरा नंबरच्या पान्याने बोल्टाचं डोकं धरून ठेवायचं आणि आतून फक्त नट फिरवायचा. बोल्ट फिरला की भोवतीची टेप पिळून फाटते. टेप चारही बाजूंनी सारखी बाहेर आली की थांबायचं. अर्ध्या तासाने पुन्हा थोडं. जास्तीची टेप कापून कडेला पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटची बारीक रेघ द्यायची, ऊन आणि धूळ अडवायला. पाय पोकळ असेल तर आतलं पाणी निघून जायला उताराच्या बाजूला बोटभर जागा उघडी ठेवायची.

लायनिंग चढवण्याआधी पाण्याची चाचणी. आत एक जण बॅटरी घेऊन, प्रत्येक पायाखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद. साधा पाइप, प्रेशर वॉशर नाही. आधी काचेचं रबर, मग टपाच्या कडेच्या पन्हळीचा जोड, शेवटी एकेक पाय, प्रत्येकाला पाच मिनिटं. मग गाडी चढावर उभी करून पुन्हा, उतारावर पुन्हा. एकदम सगळीकडे पाणी मारलं तर काहीच कळत नाही, कारण पाणी आडव्या पट्टीवरून वाहत जाऊन हातभर लांब टपकतं.

वाटूर फाट्यापर्यंत आभाळ नुसतं भरलेलं. मंठ्याच्या पुढे दोन्हीकडे पिवळं पडत चाललेलं सोयाबीन, मधे तूर, कपाशी, आणि गावोगावी 17 सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनाचे फलक अजून लावलेले. जिंतूरजवळ पावसाने गाठलं. चहाच्या टपरीशी थांबलो तर शेजारच्या टेम्पोवाल्याने कॅरियरकडे बघत विचारलं, "भाऊ, टप गळायलाय का? आमचा तर दरसाल गळतो. सिलिकॉन मारून मारून थकलो." त्याच्या टपावर पायांभोवती सिलिकॉनचे तीन थर होते, एकावर एक, आणि सगळ्यात खालचा पत्र्यापासून सुटलेला. पाय उचलल्याशिवाय हे थांबणार नाही, एवढं त्याला दाखवून दिलं.

त्याच्या गाडीत आणखी एक गोष्ट होती. टपाच्या पन्हळीत काळ्या मातीची धूळ बसून चिखलाचा बांध झाला होता. पाणी पुढे जायला जागा नाही, म्हणून ते दाराच्या रबरावरून आत येत होतं. आपल्याकडच्या गाड्यांना हे ठरलेलं आहे. पावसाळ्याआधी आणि मधे एकदा जुन्या टूथब्रशने पन्हळ साफ करायची.

औंढ्याच्या डोंगराळ रस्त्यावर पाऊस आडवा येत होता. नागनाथाच्या देवळाजवळ गाडी लावून लायनिंगच्या कडा हाताने चाचपल्या, सगळं कोरडं. पुढे वसमतकडे हळदीची रानं सुरू होतात, रुंद हिरवी पानं, सऱ्यांत पाणी. नांदेडला गोदावरी गढूळ होऊन वाहत होती.

पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासावे लागतात, कारण टेप दबून पातळ होते. नांदेडला ते केलं. त्यासाठी लायनिंग अख्खं उतरवत नाहीत, दाराचं रबर सोडून कड खाली ओढली की पाना आत जातो. पुढचे दोन पाय पाव आटा फिरले, बाकीचे जागेवर होते. हे काम सकाळी, टप गार असताना करायचं. तापलेल्या टपावर टेप लोण्यासारखी मऊ होते आणि नट गरजेपेक्षा जास्त आवळला जातो.