आयरिश पूर्वज शोधायचे तर आधी टाउनलँड शोधा

‘आयर्लंडचं सगळं जुनं दप्तर 1922 मध्ये जळलं, आता काय सापडणार?’ पूर्वजांच्या शोधात इथे येणारे बरेच जण हे ऐकूनच आलेले असतात. यातलं अर्धंच खरं. यादवी युद्धात 30 जून 1922 रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं सरकारी अभिलेखागार स्फोटात आणि आगीत गेलं. त्याबरोबर 1821 ते 1851 च्या जनगणनांचा बहुतेक भाग, असंख्य मृत्युपत्रं आणि प्रॉटेस्टंट चर्च ऑफ आयर्लंडच्या बाप्तिस्मा-विवाह-दफनाच्या कितीतरी नोंदवह्या गेल्या. 1861 आणि 1871 च्या जनगणनेचे अर्ज मात्र सरकारने आधीच नष्ट केले होते, तर 1881 आणि 1891 चे पहिल्या महायुद्धात कागदटंचाईमुळे लगद्यात गेले. कॅथलिक चर्चच्या वह्या फोर कोर्ट्समध्ये कधी नव्हत्याच, त्या आपापल्या पॅरिशमध्येच, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतच, राहिल्या. देशातली बहुसंख्य प्रजा कॅथलिक, त्यामुळे बहुतेक घराण्यांचा माग आजही काढता येतो.

माणसं अडकतात ती दुसरीकडे. हातात नाव असतं, गाव नसतं. कॉर्क परगण्यात नुसत्या ‘मेरी मर्फी’चा शोध घेतला तर नावांचा ढीग पडतो आणि त्यातली आपली कोण हे सांगायला काहीच नसतं. इथे जमिनीचा सगळ्यात लहान एकक म्हणजे टाउनलँड. देशभर असे 60,000 हून जास्त आहेत, आणि किलमोरसारखं एकच नाव अनेक परगण्यांत भेटतं. त्यांच्यावर सिव्हिल पॅरिश (सरकारी कामाची जुनी हद्द), बॅरनी (अशा काही पॅरिशचा गट) आणि मग परगणा. कॅथलिक पॅरिशच्या हद्दी पुन्हा वेगळ्या. जन्ममृत्यूची नोंद तर गरीब-कायद्याच्या युनियनप्रमाणे (गरिबांच्या मदतीसाठी आखलेल्या विभागांप्रमाणे) झाली, आणि युनियनने परगण्याची सीमा पाळली नाही. कॅरिक-ऑन-शुअर युनियन टिपररी, वॉटरफर्ड आणि किलकेनी अशा तीन परगण्यांत पसरलेलं होतं. त्यामुळे दाखल्यावर युनियनचं नाव दिसलं की घराणं त्याच शहरातलं असं धरून चालू नका.

सुरुवात सर्वात अलीकडच्या पक्क्या नोंदीपासून करा आणि एकेक पिढी मागे जा. सगळ्या धर्मांच्या लोकांची जन्म, मृत्यू, विवाह नोंदणी 1 जानेवारी 1864 पासून आहे; कॅथलिक सोडून इतरांचे विवाह 1 एप्रिल 1845 पासून. ‘आयरिशजीनिऑलॉजी डॉट आयई’ या सरकारी संकेतस्थळावर 100 वर्षांपूर्वीचे जन्म, 75 वर्षांपूर्वीचे विवाह आणि 50 वर्षांपूर्वीचे मृत्यू फुकट बघता येतात. नुसत्या अनुक्रमणिकेवर थांबू नका, मूळ पानाचं चित्र उघडा. अनुक्रमणिकेत फक्त जिल्हा मिळतो. पानावर जन्माचं ठिकाण, बापाचा धंदा, आईचं माहेरचं आडनाव आणि नोंद देणाऱ्याची सही किंवा फुली असते. एकाच नावाची दोन जोडपी वेगळी काढायची तर आईचं माहेरच कामी येतं.

एक गोष्ट बऱ्याचदा गोंधळात टाकते: बाप्तिस्मा जन्माच्या आधीचा दिसतो. नोंद ठरलेल्या मुदतीत झाली नाही की दंड बसे, म्हणून उशिरा आलेले आईबाप जन्मतारीख पुढे ढकलून सांगत. बाप्तिस्मा मात्र जन्मानंतर थोड्याच दिवसांत होई. अशा वेळी चर्चची तारीख खरी धरावी.

1901 आणि 1911 च्या जनगणनेचे अर्ज आयर्लंडच्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या साइटवर विनामूल्य आहेत. जन्मस्थानाच्या रकान्यात बहुधा नुसता परगणा असतो, पण अर्ज स्वतः टाउनलँडप्रमाणे लावलेले आहेत, म्हणून शेजारचे चार उंबरेही वाचा. भाऊबंद तिथेच निघतात. 1911 च्या अर्जात लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जन्मली आणि त्यातली किती हयात, हे विचारलेलं आहे. घराचा वेगळा अर्जही जरूर बघा. त्यात छप्पर गवती की पक्कं, किती खोल्या, पुढच्या भिंतीला किती खिडक्या, एवढं लिहिलेलं असतं. वयावर मात्र विसंबू नका. 1909 पासून सत्तरीच्या लोकांना पेन्शन सुरू झालं, आणि कितीतरी म्हाताऱ्यांचं वय दहा वर्षांत पंधरा वर्षांनी वाढलं.

1864 च्या मागे जायचं तर कॅथलिक वह्या. आयर्लंडच्या नॅशनल लायब्ररीने त्या 2015 मध्ये विनामूल्य खुल्या केल्या, साधारण 1880 पर्यंतच्या. त्या साइटवर नावाने शोध नाही. पॅरिश निवडून महिन्यामागून महिना पानं चाळावी लागतात. भाषा बऱ्याच ठिकाणी लॅटिन: जेम्सचा जेकोबस, विल्यमचा गुलिएल्मस होतो. रोजच्या व्यवहारात ब्रिजेटची डिलिया आणि जेरेमायाचा डार्बी होई, आणि आडनावाआधीचं ‘ओ’ कधी लावलं, कधी गाळलं. पश्चिमेकडच्या गरीब पॅरिशमध्ये वह्या फार उशिरा सुरू झाल्या, तिथे वाट एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच संपू शकते.

मग जमिनीचे कागद. रिचर्ड ग्रिफिथची 1847 ते 1864 मधली मोजणी प्रत्येक टाउनलँडमधला कब्जेदार, त्याचा जमीनमालक, क्षेत्र आणि आकारणी देते. एकाच गावात दोन जॉन रायन असले तर एकाच्या नावापुढे कंसात बापाचं नाव लिहिलेलं सापडतं. आपल्याकडे सातबाऱ्यामागे फेरफार पाहतात तशा इथे नंतरच्या दुरुस्ती-वह्या पाहायच्या: जुनं नाव रंगीत शाईने खोडून वर नवं नाव, आणि बाजूला वर्ष. हे खोडणं बहुधा मृत्यूनंतर किंवा माणूस परदेशी गेल्यावर होई, पण काही वर्षं उशिरा. ‘एलएपी’ असा शिक्का असेल तर कुळाने जमीन कायद्याखाली ती विकत घेतली असं समजा. उत्तरेच्या (उत्तर आयर्लंडच्या) सहा परगण्यांच्या या वह्या बेलफास्टच्या ‘प्रोनी’ अभिलेखागाराने ऑनलाइन ठेवल्या आहेत.

मुंबई-पुण्याशी धागा असलेल्यांना आणखी एक दार आहे. कंपनीच्या आणि पुढे राणीच्या फौजेत आयरिश शिपाई खूप होते. बॉम्बे फ्युजिलिअर्स ही पलटण तर 1881 मध्ये रॉयल डब्लिन फ्युजिलिअर्सची दुसरी बटालियन झाली. मुंबई इलाख्यातले त्यांचे बाप्तिस्मे, विवाह आणि दफनं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ‘एन/3’ या मालिकेत आहेत. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचा हुद्दा आणि पलटण मिळते. पलटण हाती आली की लंडनमधल्या क्यू इथल्या ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधले ‘डब्ल्यूओ 97’ हे सेवामुक्तीचे कागद बघायचे. त्यात शिपाई अमुक पॅरिशमध्ये, तमुक शहराजवळ, अशा परगण्यात जन्मला असं लिहिलेलं असतं. आयर्लंडमधल्या कागदांत वर्षानुवर्षं न मिळणारं गाव असं एका ओळीत मिळून जातं. मात्र 1883 पर्यंत ही मालिका पेन्शन घेऊन सुटलेल्यांचीच आहे. नोकरीतच वारलेला शिपाई तिथे भेटत नाही, आणि कंपनीच्या स्वतःच्या गोऱ्या पलटणीतला असेल तर ब्रिटिश लायब्ररीतली ‘एल/एमआयएल/12’ ही मुंबई सैन्याची मालिका उघडावी लागते.