बाटलीतली कोरफड खरी असते का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दुकानातल्या अ‍ॅलोवेरा जेलमध्ये खरंच कोरफड असते का, हा प्रश्न मला नेहमी येतो. शंका रास्त आहे. २०१६ साली ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेने अमेरिकेतल्या मोठ्या दुकानसाखळ्यांची स्वतःच्या नावाने विकली जाणारी जेल प्रयोगशाळेत तपासून घेतली. कोरफडीची ओळख पटवणारं असिमॅनन हे द्रव्य त्यांत सापडलं नाही. सापडलं ते माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून बनणारी स्वस्त भुकटी. एका उत्पादकाने हे निष्कर्ष नाकारले, हेही सांगायला हवं.

पान कापून पाहा. आतला गर बिनरंगी, काचेसारखा असतो आणि त्यात जवळपास ९९ टक्के पाणीच असतं. बाटलीतला हिरवागार रंग वरून घातलेला, दाटपणा बहुतेकदा कार्बोमर या दाटपणा आणणाऱ्या रसायनाचा. त्यामुळे रंग, वास किंवा बुळबुळीतपणावरून खरंखोटं ठरवता येत नाही. प्रिझर्व्हेटिव्ह दिसलं म्हणून मात्र माल नकली समजू नका; ताजा गर लवकर नासतो, त्याला ते लागतंच.

मग घटकांची यादी वाचायची का? जरूर वाचा, पण तिच्यातही गोम आहे. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, फक्त एक टक्क्याखालचे कसेही लिहिलेले चालतात. कोरफडीचा रस पहिला असेल तर बरं. पण पुष्कळ कंपन्या सुकवलेली पावडर वापरतात. १ भाग पावडरीत १९९ भाग पाणी मिसळलं की मूळ रसाइतकी तीव्रता येते, असा हिशेब असतो. म्हणजे अर्धा टक्का पावडर! ती यादीत तळाशी असूनही माल चांगला असू शकतो, आणि चिमूटभर घातली तरी यादी तशीच दिसते. मला चीड येते ती याचीच. घरी बसून हे कुणालाच ओळखता येणार नाही. म्हणून असिमॅननचा तपासणी अहवाल कंपनीकडे मागा. तो दाखवायला जी कंपनी तयार नसते, तिच्या ‘शंभर टक्के’वर माझा विश्वास नाही.

घरच्या पानाचा गर लावणार असाल तर सालीलगतचा पिवळा चीक आधी निथळू द्या. त्याने काहींची त्वचा चुरचुरते. पोटात गेला तर जुलाब होतात. चिकाची रेचकं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००२ मध्ये दुकानांतून हटवायला लावली. तेव्हा प्यायचा रस घेताना चीक काढलेला आहे ना, हे आधी बघा, कोरफड किती टक्के ते नंतर.